गेरूत जवसाचं तेल

"झाडं तं आपली आपणच वाढते, बाई. त्याचं काय शिकाचं?"

हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की ते आलं नाही, तर चहात साखर कमी पडल्यासारखं वाटतं. मी जाते कोणाकडे, तर आमच्या पातूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला ज्यांच्या काळ्या वावराच्या शेपटीला एखादा बरडाचा तुकडा आहे त्यांच्याकडे. बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड जमीन, वखराला दाद देत नाही. तिथं कोणी पेरत नाही, म्हणून साग, धावडा, मोह, टेंभरून आपापले उभे राहतात. ते सरकारचं जंगल नाही, घरचं रान आहे. आणि घरचं आहे म्हणूनच त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वावरात तण दिसलं की माणसाचा जेवणावरून जीव उडतो. बरडाला आग लागून गेली तर तोच माणूस म्हणतो, "चाला, साफ झालं!"

मी काही फार शिकलेली नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं वाचून वाचून. अमरावतीला खाजगी रानवाल्यांचं शिबिर होतं. जायचं होतं आमच्या यांना, पण गुडघा धरला. म्हणाले, "तू जाय, अन मले समजून सांगजो." मी गेले, परत आले, समजावून सांगितलं. ऐकता ऐकता ते घोरायला लागले. मग मी शेजारणीला सांगितलं, तिच्या दिराला सांगितलं, आणि असं करता करता गावोगाव बोलावणी यायला लागली. एसटीच्या वाहकालाही आता माहीत आहे. "झाडंवाल्या आजी, उतरा," म्हणतो.

काय सांगते? फार नाही. पाला जाळू नका, ती जमिनीची गोधडी आहे. पोकळ म्हातारं झाड लगेच पाडू नका, त्यात कोणाचं ना कोणाचं बिऱ्हाड असतं. आणि विरळणी करा. इथं लोक हमखास हसतात. मग मी विचारते, "कपाशी पेरल्यावर एका जागी तीन रोपं आले तं तिन्ही ठेवता का?"

"नाही जी. एक ठेवतो."

"कावून?"

"तिन्ही ठेवले तं एकही धड होत नाही."

"मंग सागाच्या एका खुंटावर पाच फुटवे आले, ते पाचही कावून पोसता?"

इथं कपबशी खाली ठेवली जाते. ती खाली ठेवली गेली की मला कळतं, आता हा माणूस बरडावर चक्कर मारणार.

पण मला सांगायचंय ते शेजारच्या भाभीच्या रानाचं. तिथं माझं सगळं शहाणपण एका वाटीभर गेरूत बुडालं होतं.

आमचं बरड आणि त्यांचं बरड यांच्यामध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या धुऱ्यावर भाभीची आणि माझी बैठक. ती तिच्या बोलीत बोलते, मी माझ्या. इतक्या वर्षांत एकमेकींना काही कळलं नाही असं झालं नाही. तिच्या मालकांना सगळं गाव चाचा म्हणायचं. आमच्याकडे लोक वावरावर जीव टाकतात, चाचांचा जीव बरडावर. हातात कोयता, कानात बिडी, आणि झाडांमधून उगाच फिरायचं. मध्ये एक जुना मोह आहे, बुंध्याला ढोली पडलेला. दुपारची नमाज ते त्याच्या सावलीत पढायचे.

चाचा गेले. दोन्ही मुलं अकोल्याला, फर्निचरचं दुकान. पोरं चांगली आहेत हो, आईला कशाला कमी पडू देत नाहीत. पण मोठ्याच्या मनात आलं की साग एकदम तोडावा, दुकानाला लाकूड होईल, आणि खाली मशीन लावून जमीन सपाट करावी. जेसीबीवाला येऊन बरड पाहूनही गेला.

भाभी त्या दिवशी धुऱ्यावर आली ती चप्पल न घालताच.

"बाई, वो पूछता है, अम्मी, ये लकडी खडी खडी क्या दे री? मैं क्या बोलूँ?"

"सांग नं, पाणी धरते, माती धरते..."

"वो तू बोल. तेरे को आता है बोलने को." मग जरा थांबून हळू म्हणाली, "हमारे घर में औरतें कबरस्तान नहीं जातीं. मेरे को तो उनके पास बैठने को वो मोह का झाड ही है. ये मैं बेटे को कैसे बोलूँ?"

मी तिच्या पायातला काटा काढला, तेवढंच.

मोठा आला तेव्हा मी त्याला आमच्या ओसरीवर बसवलं आणि सगळी कपाशी, सगळे फुटवे सांगितले. त्यानं कपबशी खाली ठेवली नाही. चहा पिऊन टाकला. पण लहानपणी माझ्या हातची भाकर खाल्लेला पोर, तोंडावर नाही म्हणता येईना. म्हणाला, "ठीक आहे खाला. एक डाव तुमच्या पद्धतीनं करून पाहू. परवानगीचं मी बघतो. माझ्या कामाचं काही निघालं तं ठीक. नाही तं मग मले मशीन लावू द्याची. मंजूर?"

मी भाभीकडे पाहिलं. तिनं पदर नीट केला. "मंजूर," मी म्हणाले.

दिवाळी होऊन गेली होती. परवानगीचा कागद आला. आता कोणतं झाड काढायचं आणि कोणतं ठेवायचं, त्याची खूण करायची. शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं, काढायच्या झाडाला लाल खूण करा, दुरून दिसते. त्यांच्याकडे डब्यातला रंग होता. आमच्याकडे कुठला? पण दिवाळीला अंगणाला लावलेला गेरू उरला होता. नुसता पाण्यात कालवला तर दव पडून सकाळपर्यंत वाहून जाईल, म्हणून मी त्यात जवसाचं तेल घातलं. चांगला दाट, चकचकीत झाला. मला माझंच कौतुक वाटलं.

भाभीनं वाटी धरली, मी अंगठा बुडवायची. तिरपा साग, लाव. मोठ्या झाडाच्या काखेत दबलेला, लाव. एका खुंटावरचे चार, त्यातला सरळ सोडून बाकीच्यांना लाव. भाभी मध्येच वाटी पाठीमागे न्यायची.

"इसको नहीं. इसपे बुलबुल का घर है."

"रिकामं हाये ते घर, भाभी."

"अगले साल आएगी तो कहाँ जाएगी?"

"बरं बाई, ठेव."

"और ये टेढा उनने बहोत बार काटने का बोला था. हर बार भूल गए."

"मंग?"

"मंग क्या? मैं भी भूल गई." आणि हसायला लागली. ती हसते तेव्हा वाटी हलते. माझ्या लुगड्यावरचा तो डाग अजून गेलेला नाही.

एक साग मात्र असा होता की दोघी त्याच्यापुढं उभ्याच राहिलो. सरळ, गोल, वरपर्यंत फांदी नाही. चाचा त्याच्यावर थाप मारून जायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. त्याला अर्थातच काही लावलं नाही. मोहालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणारे येणार होते. त्यांच्यातला म्हातारा जाणता, आमच्या वावरातही कामाला येणारा. त्याला मी आदल्या दिवशी निरोप दिला होता, खुणा केल्या आहेत, पाहून काम करा. लाल म्हणजे काढायचं, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, त्यात काय सांगायचं?

मी पोचले तर सगळे धुऱ्यावर बसलेले. चपला काढून. कुऱ्हाडी बाजूला आडव्या. एका सागाच्या बुडाशी कोणीतरी सुपारी ठेवलेली, दुसऱ्याच्या बुडाशी झेंडूचं फूल.

"काय झालं वो भाऊ? बसले कावून?"

म्हातारा उठून उभा राहिला. "वयनी, इतके देव कवा बसले अथी?"

"कोणते देव?"

त्यानं नुसता हात केला. मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला ते त्याच्या डोळ्यांनी दिसलं. सकाळचं ऊन झाडांत शिरलेलं, आणि प्रत्येक तिरप्या, दबलेल्या, वाकड्या सागावर शेंदराचा चकचकीत टिळा.

"अवो, हा शेंदूर नाही! गेरू हाये गेरू! अंगणाले लावतो तो!"

"मंग तेल कावून घातलं?"

"दव धुऊन नेते म्हणून."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "वयनी, भिंतीले पाण्यातला लावतेत, देवाले तेलातला. एवढं तुमाले नाही समजत का?"

 खरं सांगते, मी आधी गावाच्या वाटेकडे पाहिलं, कोणी येतंय का. दिवस कसे आहेत तुम्हालाही माहीत आहे. झाडाला टिळा लागला, बातमी गावात गेली, उद्या कोणी नारळ घेऊन आलं, परवा कोणी झेंडा, तर हे रान भाभीचं राहील का? मी तिचं रान वाचवायला निघाले होते.

तेवढ्यात भाभी आली. सुपारी पाहिली, फूल पाहिलं, बसलेली माणसं पाहिली. म्हाताऱ्यानं काय झालं ते तिला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून सगळ्या झाडांवरून नजर फिरवत म्हणाली, "इत्ते मेहमान आ गए मेरे घर, और मेरे को किसी ने बोला भी नहीं? चाय कौन बनाएगा?"

म्हातारा आधी हसला, मग सगळे. मीही हसले.

पण हसता हसता भाभीचा हात कमरेवरून खाली आला. ती बघत होती तिकडं मी वळले. मोहाच्या मागं चाचांचा तो सरळ साग आडवा पडला होता.

म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "ज्याले शेंदूर नाही ते काढाचं, असं वाटलं वो. एक पाडला. मंग पुढं एवढे देव दिसले तं म्हटलं, थांबा बाप्पा, विचारू."

भाभी जाऊन खोडापाशी बसली. पाडलेल्या झाडाला हात लावला नाही, नुसती बसली. आणि अशा वेळी फटफटीचा आवाज आला. काम कसं चाललंय पाहायला मोठा अकोल्याहून आला होता.

त्यानं पाहिलं, ज्याला कोणी हात लावायचा नव्हता तो साग पडलेला, आणि जे पाडायचे ते सगळे उभे.

"वा खाला," तो म्हणाला. "हेच शिकवत फिरता का गावोगाव?"

टोमणा बरोबर होता. मी तो घेतला. दुसरं करण्यासारखं काय होतं?

तो खुंटापाशी वाकला. मला वाटलं, लाकडाचा हिशोब करतोय. पोर दुकानदार आहे, पण आधी सुतार आहे. हातानं रंधा मारलेला. कापलेल्या जागेवरचा भुसा त्यानं तळव्यानं झाडला, आणि बोट मधोमध ठेवून हळूहळू बाहेर न्यायला लागला. सागाच्या खोडात दर वर्षाची एक कडी असते, तुम्ही पाटावरही पाहिली असेल. बोट एका जागी थांबलं. परत मध्ये गेलं, परत तिथंच येऊन थांबलं.

"अम्मी, इधर आओ."

भाभी उठली नाही. मग तोच तिचा हात धरून घेऊन आला. मीही वाकून पाहिलं. आतल्या कड्या एकमेकींना चिकटलेल्या, केसासारख्या बारीक. आणि मग एका ठिकाणापासून एकदम ऐसपैस, बोट मावेल अशा.

"यहाँ तक बिचारा भूखा था," तो म्हणाला. "फिर एकदम से क्या मिला इसको? पाणी तं पहिलेही तेवढंच, मंगही तेवढंच." बोलता बोलता तो भाषा बदलतो, आईशी एक, माझ्याशी एक.

भाभीनं आजूबाजूला पाहिलं. पाल्यात पायानं चाचपलं. एक जुना खुंट, काळा पडलेला. दोन पावलांवर आणखी एक.

"तेरे अब्बा ने काटे थे ये दोनो," ती म्हणाली. "तू पेट में था. मैं बोली थी, अच्छे भले झाड काहे को काटते? बोले, बीचवाले को साँस लेने दे."

मोठ्यानं उकिडवं बसून त्या दोन्ही जुन्या खुंटांवरचा पाला हातानं झाडला. मी शिबिरात शिकलेलं, ओसऱ्या ओसऱ्यांवर सांगितलेलं सगळं त्या एका खोडात होतं, आणि मला तिथं तोंड उघडायची काही गरज नव्हती. मी पहिल्यांदाच गप्प बसले. आमच्या यांना सांगितलं तर खरं वाटलं नाही.

मग तो उठला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, आता काय कराचं?"

"लाल हाये त्याले आमी हात नाही लावत, भाऊ. गेरू असो का काही असो, मनात आलं ते आलं. तुमी लावलं, तुमीच काढा. आन ज्याले काढाचं त्याले दुसरं काही लावा. चुना लावा."

तेल झाडाच्या सालीत मुरलेलं, पाण्यानं निघतंय कुठं! विळ्यानं हलक्या हातानं खरवडावं लागलं. भाभीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मोठ्यानं पँट दुमडली आणि विळा घेतला. तो पुढं, खरवडत. मी मागून चुन्याची वाटी घेऊन. मध्ये भाभी, प्रत्येक झाडापाशी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची. काय म्हणते ते मी विचारलं नाही.

जाता जाता ती लेकाला सांगत होती. इथं तू पडला होतास. या फांदीला अब्बा डबा टांगायचे. हा टेढा ते दरवेळी विसरायचे. त्या टेढ्यापाशी येऊन तो थांबला.

"ह्याले काढाचं का, खाला?"

"तुझ्या अम्मीले विचार."

भाभी म्हणाली, "मेरे को क्या याद?" आणि पुढं चालायला लागली. त्यानं विळा खाली केला.

म्हाताऱ्यानं आपली सुपारी आणि फूल उचललं, कपाळाला लावलं, खिशात ठेवलं. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी पांढऱ्या खुणेची झाडं निघाली. बारीक होती, पण कोणाच्या खुर्चीचे पाय झाले, कोणाच्या बाजेच्या पाट्या. तो मोठा साग दुकानाच्या मागं वाळत पडला आहे. त्याचं काय करायचं, ते मोठ्यानं अजून सांगितलेलं नाही. मशीनचंही काही बोलला नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. भाभी विचारत नव्हती आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

मी शिबिरातल्या सरांना फोन करून झालेली गोष्ट सांगितली. ते आधी हसले, मग थांबून म्हणाले, "आजी, हे आमच्या लक्षातच आलं नाही." आता मी जाते त्या गावांत काढायचं त्याला चुना, ठेवायचं त्याला गेरू. तेल घालूनच. कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस वाचायला शिकलेला नसला तरी ते वाचतो.

होळीच्या आधी आम्ही बरडाच्या कडेनं पाला ओढून आगीसाठी मोकळी पट्टी काढतो, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. भाभी आणि मी दंताळी घेऊन गेलो होतो. सागाची पानं गळून गेली होती, रान आरपार दिसत होतं. भाभी एकाएकी थांबली.

"बाई, ये तू कब लगाई?"

समोरच्या सागावर लाल टिळा होता. पलीकडच्यावर होता. टेढ्यावर होता. विरळणीत ठेवलेल्या एकूण एक चांगल्या झाडावर होता, आणि चाचांच्या सागाच्या खुंटातून निघालेल्या फुटव्यांतला एक सरळ तेवढा राखून त्याच्या शेजारी रोवलेल्या काठीला लाल चिंधी बांधली होती.

"मी नाही लावलं."

"फिर कौन? मैं तो आई नहीं."

"पाह्य तरी, किती वर हाये. माझा हात पोचते का तथी?"

भाभीनं टाचा उंचावल्या, तरी तिचाही हात पोचला नाही. मग बुंध्यावरून खाली आलेल्या एका ओघळाला तिनं बोट लावलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा एकदा वास घेतला. बोट माझ्याकडे केलं. जवसाचं तेल होतं, पण नुसतं नाही. त्यात दुकानातल्या पालिशचा उग्र वास होता, नव्या कपाटाला येतो तसा.

आम्ही मोहापर्यंत गेलो. ढोलीच्या वर, उंच माणसानं हात वर करून लावावा तेवढ्या उंचीवर, सगळ्यांत मोठा टिळा तिथं होता.

"पागल," भाभी म्हणाली. "पूछ तो लेता." आणि दंताळं बुंध्याला टेकवून त्या टिळ्याच्या खाली, तिच्या नेहमीच्या जागी, पाय पसरून बसली. जरा सरकली आणि शेजारचा पाला हातानं बाजूला करून मला म्हणाली, "बैठ ना. पट्टी बाद में निकालेंगे."